क्योटोमध्ये सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन ट्रेन-बसने फिरता येईल का? बसचा एक दिवसाचा पास घ्यावा की सरळ टॅक्सी करावी?

फिरता येतं, आणि आरामात. ‘वयस्कर माणसं आहेत, टॅक्सीच करा’ हे मी घरात इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आईला न्यायचं ठरलं तेव्हा दादाचं एकच पालुपद: टूरबरोबर पाठव, नाहीतर नेऊच नकोस. तिचा गुडघा, परकी लिपी, गर्दी. जिने नोकरीची सगळी वर्षं डोंबिवली-व्हीटी लोकलने काढली, तिला गर्दीची भीती हा घालणार! क्योटो स्टेशनवर नारा लाइनच्या फलाटावर मी तिला सांगितलं की फुशिमी इनारीसाठी इनारीला उतरायचं आणि तिथे रॅपिड थांबत नाही. आई म्हणाली, “म्हणजे ती फास्ट. आपण स्लो पकडायची.” संपलं शिकवणं. क्योटोपासून दुसऱ्याच क्रमांकाचं स्टेशन, आणि बाहेर पडलं की समोर देवळाची तोरी कमान. पुढे एका सकाळी मी झोपलेली असताना ती एकटी तिथे जाऊन आली. गाभाऱ्यापर्यंतच, वरचा डोंगर नाही. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. दादा अजून म्हणतो, “नशीब, हरवली नाही.” नशिबाचा काय संबंध? तिला गाड्या कळतात.

तुमच्या पासबद्दल: फक्त बसचा एक दिवसाचा पास आता मिळत नाही, 2023 मध्येच त्याची विक्री थांबली. बस आणि भुयारी रेल्वे मिळून 1,100 येनचा पास आहे. पण शहरातल्या बसचं सरसकट भाडं 230 येन, म्हणजे पाच वेळा बसल्याशिवाय तो वसूल होत नाही. आईवडिलांना दिवसातून पाच बस दाखवू नका. मुळात क्योटोत बस कमी आणि रेल्वे जास्त वापरा. गिओन या जुन्या वस्तीत जायला सगळे स्टेशनसमोरच्या बसच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही नारा लाइनने एक स्टेशन तोफुकुजीला जा, तिथे केइहान लाइन पकडा आणि गिओन-शिजोला उतरा. अराशियामाला जेआरने, म्हणजे जपान रेल्वेने, सागा-अराशियामा स्टेशनला जा. जेआर पास नुसत्या क्योटोसाठी अजिबात घेऊ नका, सात दिवसांचा 2023 च्या ऑक्टोबरपासून 50,000 येन झालाय.

बसने गेलातच तर मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे. चेरीच्या आणि लाल पानांच्या दिवसांत मात्र बसचा विचारही नको.

हो, कियोमिझूला टॅक्सी करा. बस थांब्यापासून देवळापर्यंत चढ आहे आणि तो गुडघ्यांना झेपत नाही. हे दादाला सांगू नका म्हणजे झालं, तो तेवढंच धरून बसेल. आणि इकोका कार्ड (रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) प्रत्येकाचं वेगळं घ्या, 2,000 येनचं, त्यातले 500 अनामत. एका कार्डावर तिघांना गेटमधून जाता येत नाही.