बाळंतपणानंतर एचआयव्हीग्रस्त स्त्रीचा व्हायरल लोड वाढतो का?

औषधे नियमित चालू असतील, तर केवळ प्रसूती झाली म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील एचआयव्ही विषाणूंचे प्रमाण, सहसा वाढत नाही. मात्र प्रसूतीनंतरच्या महिन्यांत तो पुन्हा वर गेल्याचे अनेक देशांत आढळले असून, त्याचे मुख्य कारण गोळ्या चुकणे हेच असते. गरोदरपणात बाळासाठी एकही गोळी न चुकवणारी स्त्री नंतर जागरण, अशक्तपणा, नैराश्य आणि घरच्यांपासून आजार लपवण्याची धडपड यांत अडकते. आपल्याकडे तर ती माहेरी गेलेली असते आणि नोंदणीचे एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र) सासरच्या जिल्ह्यात राहते.

आणखी एक कारण सहज नजरेआड होते. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचे औषध रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेतल्यास त्याचे शोषण घटते, आणि बाळंतिणीला या दोन्ही गोळ्या हमखास दिल्या जातात. म्हणून त्या आणि डोल्युटेग्राव्हिर जेवणाबरोबर एकत्र घ्यावे, अन्यथा डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे.

सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या प्रसूतीनंतर वाढलेली दिसली, तरी तिच्यावर विसंबू नये, कारण गरोदरपणात रक्तद्रव (रक्तातील पातळ भाग) वाढल्यामुळे ती मुळातच कमी दिसत असते. स्तनपान चालू असेपर्यंत व्हायरल लोडची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी. तो वाढलेला आढळल्यास स्तनपानाबाबत आणि बाळाच्या प्रतिबंधक औषधाबाबत केंद्रातील डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे. स्वतःच्या गोळ्या मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत.