नागपुरात वरच्या मजल्यावर दीड टनाचा एसी दुपारी २८ च्या खाली जात नाही. बिघडला आहे का?

बहुधा नाही, ४५ अंशांत त्याची ताकदच घटते. दीड टन हा आकडा बाहेर ३५ आणि खोलीत २७ अंश धरून मोजलेला असतो, चाचणीचा नियमच तसा आहे. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरच भट्टी पेटलेली असली की कॉम्प्रेसर वीज जास्त खातो आणि गारवा कमी देतो. त्यात तुमच्या डोक्यावर तापलेला स्लॅब, तो रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो.

मे महिन्यात याच तक्रारीसाठी घरोघर जातो, आणि निम्म्या वेळा दोष आउटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटच्या, जागेत सापडतो. बंद गॅलरीत, समोर वाळत घातलेल्या चादरी. मग ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. समोरची जागा मोकळी करा, मेन स्विच बंद करून कॉइलवरची धूळ पाण्याने हलकेच धुवा. १८ वर ठेवून काही साधत नाही. २५ आणि पंखा पुरे. त्याच खोलीत कूलर तर मुळीच नको, हवेतलं पाणी काढण्यातच एसीचा दम जातो.

मात्र एक तपासा: एसीत शिरणारी आणि त्यातून येणारी हवा थर्मामीटरने मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर मशीन ठीक. बराच कमी असेल किंवा तांब्याच्या नळीवर बर्फ दिसला, तर मेकॅनिक बोलवा. नुसता गॅस भरू देऊ नका, आधी गळती शोधायला लावा.