डॅनिशला 'बाल्टिक भाषा' म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा होता: भाचीला शाळेत प्रोजेक्ट आहे, लिथुआनियन आणि डॅनिश या भाषा कुठे कुठे बोलतात त्याची तुलना करायची आहे, दोन्ही देश बाल्टिक समुद्राला लागून आहेत तर 'या दोन बाल्टिक भाषा' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार हो. लिथुआनियनला चालेल, डॅनिशला नाही.

आपल्याकडे 'कोकणी' शब्दाची जी गंमत आहे ना, तीच इथे आहे. चिपळूणचा माणूस कोकणी, पण घरात बोलतो मराठी, हेल वेगळा असेल तेवढाच. आणि मंगळुरात कितीतरी लोक घरात कोकणी बोलतात पण ते राहतात कर्नाटकात. म्हणजे एकच शब्द, एकदा मुलुखाला लावलाय आणि एकदा भाषेला, आणि दोन्हीच्या हद्दी जुळत नाहीत.

'बाल्टिक' तर तीन ठिकाणी लावलाय. एक म्हणजे समुद्र, त्याच्या काठावर नऊ देश आहेत, त्यात डेन्मार्क आलाच. दुसरं म्हणजे 'बाल्टिक देश', ते तीनच, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया. तिसरं भाषेचं कूळ, त्यात आज जिवंत अशा दोनच भाषा उरल्यात, लिथुआनियन आणि लाटव्हियन. जुनी प्रशियन म्हणून तिसरी एक होती ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. एस्टोनियन या कुळात नाही, ती फिनिशची बहीण, म्हणजे बाल्टिक देशातली असूनही बाल्टिक भाषा नव्हे! लिथुआनियन तिन्ही अर्थांनी बाल्टिक, डॅनिश फक्त समुद्रापुरती. तिचं कूळ जर्मॅनिक, स्वीडिश-नॉर्वेजियनच्या घरातली. आणि गंमत म्हणजे डॅनिश लोक त्या समुद्राला बाल्टिक म्हणतच नाहीत, त्यांच्या भाषेत तो 'पूर्व समुद्र', तर एस्टोनियन लोकांचा 'पश्चिम समुद्र'. ज्याच्या दारातून जसा दिसला तसा.

भाषाकुळाला हे नाव नेसेलमन नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८४५ मध्ये सुचवलं, त्याआधी या भाषांना असं एकत्र नाव रूढ नव्हतं. योगायोग बघा, त्याच १८४५ मध्ये डेन्मार्कने तामिळनाडूतलं तरंगमबाडी इंग्रजांना विकलं. १६२० पासून ते त्यांच्याकडे होतं आणि तंजावरला मराठ्यांचं राज्य आल्यावर हे डॅनिश लोक आपल्या तंजावरच्या राजांना वर्षाला ठरलेला खंड भरायचे. सव्वादोनशे वर्षं राहिले, किल्ला अजून उभा आहे, पण डॅनिश बोलणारं तिथे कोणी उरलं नाही. तंजावरात मराठी मात्र अजून बोलतात.

आता कुठे बोलतात ते. डॅनिश बोलणारे साठेक लाख, बहुतेक सगळे डेन्मार्कमध्येच. पण तिच्या खुणा राज्य जिथे जिथे गेलं तिथे सापडतात. डेन्मार्कच्याच राज्यातल्या, अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मुख्य भाषा फेरोईज पण डॅनिश शाळेत नीट शिकवायची असं १९४८ च्या कायद्यातच आहे. ग्रीनलंडमध्ये २००९ पासून अधिकृत भाषा एकटी ग्रीनलँडिक, तरी राजधानी नूकमध्ये आणि कारभारात डॅनिश भरपूर चालते. आइसलँड १९४४ ला डेन्मार्कच्या राजापासून पूर्ण सुटला, तिथली पोरं अजूनही शाळेत डॅनिश शिकतात (आणि कुरकुरतात, असं ऐकून आहे). जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या भागात डॅनिश अल्पसंख्याक आहेत, १९२० मध्ये तिथे मतदान झालं, उत्तरेचा भाग डेन्मार्ककडे गेला आणि फ्लेन्सबुर्ग जर्मनीतच राहिलं, पण त्यांच्या स्वतःच्या डॅनिश शाळा आहेत, पेपर आहे. उलट दक्षिण स्वीडनमधला स्कोने प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता, आज तिथे स्वीडिश.

लिथुआनियनची गोष्ट मला जास्त चटका लावणारी वाटते. हिच्यात 'सूनुस' म्हणजे मुलगा, 'उग्निस' म्हणजे आग, 'आविस' म्हणजे मेंढी, संस्कृतचे सूनु, अग्नि, अवि आठवा, म्हणून आपल्याकडे भाषेची आवड असलेल्या लोकांना ती आधीपासून लाडकी. पण तिचं पहिलं छापील पुस्तक, १५४७ चं, निघालं क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्राडला. पुढे लिथुआनिया रशियाच्या ताब्यात असताना झारने १८६४ नंतर लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायलाच बंदी घातली, ती १९०४ पर्यंत चालली. चाळीस वर्षं! मग पुस्तकं सीमेपलीकडे जर्मनांच्या प्रशियात टिल्झिट वगैरे गावांत छापायची आणि रात्री पाठीवर गाठोडी बांधून चोरवाटेने सीमेपार आणायची, अशा माणसांसाठी त्यांच्या भाषेत खास शब्दच आहे, 'क्निगनेशिस', पुस्तकं वाहणारा. ते टिल्झिटही आज रशियात आहे, नाव बदलून सोव्हेत्स्क झालंय. म्हणजे ज्या मुलुखात ही भाषा छापली गेली तिथे आता रशियन चालते.

लिथुआनियन बोलणारे तीसेक लाख. सीमेबाहेर ती टिकली ती राज्यामुळे नाही, माणसांमुळे. शिकागोत स्थलांतरितांची मोठी वस्ती, १९०९ साली सुरू झालेला त्यांचा 'द्राउगस' हा पेपर तिथून निघतो. २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर इंग्लंड, आयर्लंडकडे इतके लोक गेले की १९९० ला सदतीस लाखांच्या आसपास असलेली देशाची वस्ती एकोणतीस लाखांच्या खाली आली होती.

भाचीला सांगा, 'बाल्टिक समुद्राकाठच्या दोन भाषा' असं लिहिलं तर बिनचूक. आणि नकाशा रंगवणार असेल तर अख्खा ग्रीनलंड डॅनिशच्या रंगात बुडवू नको म्हणावं, आकारच एवढा आहे की तुलनाच बिघडेल. लिथुआनियनचा एक ठिपका मात्र पोलंडमध्ये पुन्स्क गावावर द्यायलाच हवा, तिथे बहुसंख्य लिथुआनियन आहेत आणि गावाच्या पाट्याही दोन भाषांत आहेत.