गुडघेदुखी, सुया आणि चिनी चूर्ण

प्रश्न : माझ्या ६४ वर्षांच्या आईचे गुडघे झिजले असून ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. तिने अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावे का? उपचारकाने चिनी वनौषधींचे चूर्णही सुचवले आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांची संमती असल्यास सुयांना हरकत नाही, मात्र अपेक्षा बेताचीच ठेवावी. झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) सुयांनी भरून येत नाही, आणि वेदनेच्या बाबतीतही खऱ्या सुयांचा गुण लटक्या (तुलनेसाठी नुसत्या टोचल्याचा भास करून दिलेल्या) सुयांहून फारसा अधिक आढळत नसल्याने ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२२ साली या विकारासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये, असे सुचवले. (त्याच संस्थेने आदल्या वर्षी, स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी मात्र ते विचारात घ्यावे, असे म्हटले होते.)

सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. टोचल्यावर जडपणा किंवा मंद ठणका जाणवतो, चिनी परंपरेत त्याला ‘दे छी’ म्हणतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आपल्या आईंना काळे-निळे डाग पडण्याची शक्यता अधिक आहे. सुया एकदाच वापरायच्या असाव्यात आणि त्यांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोरच फोडलेले असावे. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचारकाची नोंदणी विचारण्यात संकोच नको.

चूर्णाला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. दानशेन, दोंग क्वाय यांसारख्या वनस्पती वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतात. शिवाय १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये, वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, ती घरात आणूच नये.