‘द’ कुठे लावायचा? आधी ऐकणाऱ्याकडे बघा

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज सेंड रिपोर्ट’ लिहिलं की साहेब इंग्रजीतला ‘द’ (the) घालायला सांगतात, आणि सगळीकडे घातला की ‘द नेचर’, ‘द लंच’वर लाल रेघ येते. मी बरीच वर्षं मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवतोय. ही अडचण जवळपास प्रत्येकाला येते, कारण मराठीत ‘द’साठी वेगळा शब्दच नाही. पण ‘द’चं काम मराठीतही होतं, आणि नियम पाठ करण्याआधी ते ओळखावं.

‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरलेले डॉक्टर आहेत, आणि कोणते ते ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. ‘मुलगी बघायला गेलो’ आणि ‘मुलीला बघायला गेलो’ यांतही तेच. इंग्रजीत पहिल्या जागी ‘अ डॉक्टर’ येईल, दुसऱ्या जागी ‘द डॉक्टर’. आपण हा फरक रोज न चुकता करतो, फक्त निर्जीव वस्तूंना सहसा ‘ला’ लावत नाही, म्हणून ‘रिपोर्ट पाठवा’मध्ये तो दिसत नाही.

म्हणून नाम लिहिलं की स्वतःला विचारा: वाचणारा ‘कोणता?’ असं विचारेल का? विचारणार नसेल तर ‘द’. इथे बहुतेकांची गफलत होते. तुम्हाला माहीत असणं पुरेसं नाही, समोरच्याला कळलं पाहिजे. त्याच्यासाठी आधी उल्लेख झालेलाच असावा असंही नाही. ‘आय बॉट अ स्कूटर. द ब्रेक्स आर बॅड.’ ब्रेकचं नाव आधी निघालं नव्हतं, पण स्कूटर आली की तिचे ब्रेक आलेच.

तुमच्या मेलमधली चूक मात्र आणखी मूलभूत आहे. मोजता येणारी एकच वस्तू इंग्रजीत सहसा उघडी राहत नाही. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’ असं काहीतरी पुढे लागतंच. मेल वाचणाऱ्याला ठाऊक असलेला रिपोर्ट असेल तर ‘द रिपोर्ट’, नव्यानेच एखादा मागवत असाल तर ‘अ रिपोर्ट’.

याउलट, एखाद्या गोष्टीबद्दल सरसकट बोलताना ‘द’ गळतो: ‘लाइफ इज हार्ड’, ‘आय लव्ह नेचर’, ‘चिल्ड्रन नीड स्लीप’. जेवणांचंही तसंच, ‘वी हॅड लंच’. पण ‘द लंच यू कुक्ड’ बरोबर, कारण कोणतं जेवण ते पुढच्या शब्दांनी सांगितलं. ‘एन्व्हायर्नमेंट’ला मात्र पर्यावरण या अर्थी ‘द’ लागतो. ‘नेचर’ला नाही आणि याला का, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, ही जोडी लक्षातच ठेवावी लागते.

‘गोइंग टू ऑफिस’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस ‘टू द ऑफिस’ म्हणेल, पण ‘टू वर्क’ला ‘द’ लावणार नाही. शाळेचं निराळं: मूल शिकायला जातं ते ‘टू स्कूल’, तुम्ही फी भरायला जाता ते ‘टू द स्कूल’. आजारी माणूस ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर, तुमचे साहेब अमेरिकन कंपनीसाठी लिहीत असतील तर दुसरं वापरा.

नावांमध्ये नद्यांना ‘द’ लागतो, ‘द गोदावरी’. एकट्या शिखराला नाही, म्हणून नुसतं ‘कळसूबाई’, पण रांगेला ‘द सह्याद्रीज’. देशांना सहसा नाही. ‘द नेदरलँड्स’, ‘द युनायटेड स्टेट्स’ हे अपवाद.

शेवटी एक सावधगिरी. ‘द’चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामात आहे, आणि ते संस्कृतच्या सः, सा, तत् यांचं, म्हणजे आपल्या तो-ती-तेचं, दूरचं नातेवाईक आहे. म्हणून मराठी वाक्यात ‘तो’ किंवा ‘ते’ सहज बसत असेल तर इंग्रजीत ‘द’ किंवा ‘दॅट’ बहुधा लागेलच. उलटं मात्र करू नका. ‘टर्न ऑन द फॅन’चं मराठी ‘पंखा लाव’ एवढंच.