नंबर आणि सही

"मॅडम, आर्किटेक्ट म्हणून नोंदणीचा कौन्सिलचा फॉर्म दोन वर्षं अर्धवट भरून ठेवलाय." बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, घेऊन दोन वर्षं नोकरी केलेली ही मुलगी. घरच्यांनी तिला माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं होतं ते 'आळस' घालवायला. आळशी मुलगी रात्री अकरापर्यंत ऑफिसात ड्रॉइंग्ज काढत बसत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

"नोंदणीचा नंबर घेतला आणि पुढे काही चुकलं तर?" नव्या आर्किटेक्ट मुलामुलींकडून हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकते. हिनं त्यावर रात्र रात्र वाचन केलं होतं. अमेरिकेतली सहा भागांची परवाना परीक्षेबद्दल वाचून ती आणखी खचली होती. आपल्याकडे तशी परीक्षा नाही. 1972च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी असली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. मला तर वाटतं, परीक्षा नाही म्हणूनच ही भीती वाढते. परीक्षेत निदान कुणीतरी 'तू तयार आहेस' म्हणतं. इथे ते स्वतःचं स्वतःला म्हणावं लागतं.

मित्रानं तिला वेगळाच दिलासा दिला होता: "सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, नंबर नसला तरी काम करता येतं." 2020च्या निकालाचा हा अर्धाच भाग. त्याच कायद्याचं कलम 37 काम करण्यावर बंदी घालत नाही, हे खरं. पण नोंदणी नसताना स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला तेच कलम मनाई करतं. मी विचारलं, "तुझ्या प्रोफाइलवर काय लिहिलंयस?" तिनं हळूच फोन उपडा ठेवला.

तरीही फॉर्म जागचा हलला नाही. म्हणजे अडचण माहितीची नव्हती.

तिसऱ्या भेटीत जिन्याची गोष्ट निघाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं एका बंगल्याच्या जिन्याचं सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, काढलं होतं. लँडिंगखालच्या बीमची खोली वजा करायची राहून गेली. डोक्यावरची उंची दोन मीटरसुद्धा उरत नव्हती. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी सीनियरनं ते पकडलं आणि साईटवर सगळ्यांसमोर झापलं. "त्यांनी पाहिलं म्हणून वाचले. उद्या शेवटची सही माझीच असेल तर कोण पाहणार?" आणि मग, जरा थांबून, "ऑफिसातले सर म्हणतात, नंबर आला की छोट्या फायलींवर तूच सही करत जा."

दोन वर्षांची गाठ इथे होती! नंबर आणि सही तिच्या मनात एक झाले होते. मी म्हटलं, "नंबर एकदा मिळतो. सही मात्र प्रत्येक फाइलवर नव्यानं ठरवायची असते, आणि 'नाही' म्हणायची मुभा दर वेळी असते. जे तू काढलं नाहीस, जी साईट तू पाहिली नाहीस, तिथे सही करायची नाही. तक्रार झाली तर चौकशी तुझी होते, सरांची नाही. नावसुद्धा नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं."

"पण सरांना हे सांगू कसं?"

त्यावर आम्ही पुढचे दोन तास घालवले. म्हणजे एकेका तासाच्या दोन भेटी. मी सर झाले. ती आधी माफी मागून सुरुवात करायची, मग दहा कारणं द्यायची. शेवटी एकच वाक्य उरलं: "सर, मी काढलेल्या आणि जाऊन पाहिलेल्या कामावरच सही करेन." जिन्याचं ते सेक्शनही मी तिला पुन्हा काढायला लावलं. यावेळी बीम तिनं लाल पेन्सिलीनं आधी काढला.

फॉर्म गेला, नंबर आला. वाक्य ऐकून सर "बघू" म्हणाले आणि दुसऱ्या कामाकडे वळले. पुढे काय होईल ते तिला माहीत नाही, मलाही नाही. नावाचा शिक्का तिनं अजून बनवून घेतलेला नाही. "पहिली स्वतःची फाइल आली की बनवेन," म्हणाली.