कोट्यवधी खर्चून केलेल्या टीव्ही जाहिरातींमुळे माल खरंच विकला जातो का?

जाहिरातीने माल विकला जातो, पण जाहिरात भव्य आहे म्हणून नव्हे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे खर्च एकत्र झालेत: जाहिरात बनवण्याचा आणि ती दाखवण्याचा. प्रेक्षक मिळतात ते दुसऱ्या खर्चातून. 100 रुपयांतले 40 सेट, ग्राफिक्स आणि तारे-तारकांच्या मानधनात गेले, तर स्लॉट, म्हणजे वाहिनीवरची जाहिरातीची वेळ, घ्यायला 60 उरतात. तेच काम 15 मध्ये उरकलं तर 85 उरतात, म्हणजे जाहिरात चाळीसेक टक्के जास्त वेळा दिसते.

आता वसुलीचं गणित. मालाच्या विक्री किमतीत 25 टक्के नफा सुटत असेल, तर जाहिरातीचा एक रुपया भरून यायला चार रुपयांची जादा विक्री हवी. 'जादा' म्हणजे जाहिरात नसती तर झालीच नसती ती. इथेच बहुतेक ब्रँड गळपटतात. शपिरो, हिच आणि टकमन या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी 2021 मध्ये अमेरिकेतल्या 288 ब्रँडवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वसाधारण ब्रँडने जाहिरात दुप्पट केली तरी विक्री जेमतेम एक-दीड टक्का वाढते, आणि 80 टक्क्यांहून जास्त ब्रँडना जाहिरातीवर आणखी घातलेला रुपया तोट्यात जातो. अर्थात हे जुने, घरोघरी माहीत असलेले ब्रँड. नव्या वस्तूचं नावच कुणाला ठाऊक नसतं, तिथे हिशेब वेगळा.

भव्य जाहिरातीचा खास रोग म्हणजे लोकांना जाहिरात आठवते, ब्रँड आठवत नाही. तीस सेकंदांत घोडे धावतात, नट पावसात भिजतो आणि सत्ताविसाव्या सेकंदाला कोपऱ्यात लोगो येतो. तोवर बघणारा पाणी प्यायला उठलेला असतो! म्हणून शूटिंगआधी रेखाचित्रांची कच्ची फिल्म करा, इतर पाच-सहा जाहिरातींत मिसळून पंचवीस-तीस जणांना दाखवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच विचारा: ती कशाची होती? निम्म्यांनाही सांगता आलं नाही, तर पटकथा बदला. कॅमेरा बदलून काही होत नाही.

आणि माल कच्चा असेल तर उत्तम जाहिरातही हात टेकते. चित्रपट दिग्दर्शक रिडली स्कॉटने केलेली ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची '1984' ही जाहिरात त्याच वर्षी 22 जानेवारीला सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, दाखवली गेली. मॅकिंटॉशची सुरुवातीची विक्री जोरात झाली. पण मेमरी जेमतेम 128 केबी, सॉफ्टवेअर मोजकंच, आणि वर्ष सरता सरता मागणी ओसरली.

मोजायचं असेल तर 'जाहिरातीआधी आणि नंतर' ही तुलना करू नका. जाहिराती नेमक्या हंगामातच लागतात आणि हंगामात माल तसाही खपतो. त्याऐवजी सारख्या खपाच्या भागांच्या जोड्या लावा, जोडीतल्या एकाच भागात जाहिरात चालवा, किंमत आणि दुकानातला साठा दोन्हीकडे सारखा ठेवा. आठ ते बारा आठवडे विक्री बघा आणि जाहिरात थांबल्यावरही महिनाभर मोजत राहा, कारण परिणाम हळूहळू विरतो.